कॉलेजच्या फीसाठी बचत: प्रवेशाच्या तारखेपासून उलटे मोजा

2022 च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत पुण्यातले कॉलेज मिळाले आणि फी भरून प्रवेश पक्का करायला हातात तीन-चार दिवस होते. पैसे नव्हते असे नाही. ती चार वर्षांची असताना, फेब्रुवारी 2008 मध्ये आम्ही ‘मुलांच्या शिक्षणाची’ म्हणून एक पॉलिसी घेतली होती आणि पंधरा वर्षे एकही हप्ता चुकवला नव्हता. पण तिची मुदत संपणार होती फेब्रुवारी 2023 मध्ये. कर वाचवायच्या घाईत घेतलेल्या पॉलिसीची मुदत त्याच महिन्यात संपते, आणि कॉलेजची फी त्या महिन्यात कधीच नसते, हे पंधरा वर्षांत आमच्या लक्षातही आले नव्हते. शेवटी आमच्या शिक्षक पतसंस्थेतून दीड लाख उचलले आणि फी भरली.

फेब्रुवारीत पैसे आले. दरवर्षी 24,000 प्रमाणे आम्ही 3 लाख 60 हजार भरले होते, मिळाले सुमारे 5 लाख 67 हजार. घरात सगळे खूश झाले. मी त्या रात्री एक्सेलमध्ये पंधरा हप्ते आणि शेवटची रक्कम मांडून परतावा काढला. साडेपाच टक्के. त्याच काळात पीपीएफचा (सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्याचा) दर 8 टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तेच 24,000 तिथे टाकले असते तर 7 लाखांच्या घरात गेले असते. तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुणी मुलांच्या शिक्षणासाठी कुठे पैसे टाकू असे विचारले, की मी आधी उलट विचारते, मूल कॉलेजला कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात जाणार? किती टक्के मिळतील हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिली पायरी: आजची फी कागदावर उतरवा

बहुतेक घरांत आकडा हवेत असतो. ‘वीस-पंचवीस लाख तरी लागतील’ असे कुणीतरी म्हणते आणि तेच धरून चालतात. त्यापेक्षा अर्धा तास काढा. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तुमच्या डोक्यात असलेली तीन कॉलेजे शोधा. एक सरकारी, एक मध्यम, एक महागडे. आयआयटीचा विचार असेल तर बी.टेक.ची शिकवणी फी 2016 पासून वर्षाला 2 लाख आहे. कुटुंबाचे उत्पन्न 1 लाखापर्यंत असेल तर ती पूर्ण माफ होते, 1 ते 5 लाखांत दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ती मुळातच माफ आहे.

फीच्या खाली दुसरा आकडा लिहा तो राहण्या-जेवणाचा. गावाकडच्या, तालुक्याच्या पालकांची गफलत इथेच होते. फी विचारून येतात, पण हॉस्टेल किंवा कॉट बेसिसची खोली, मेस, लॅपटॉप, जाण्या-येण्याचे भाडे कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईत हा खर्च बऱ्याचदा फीच्या बरोबरीला येतो.

माझ्या एका सहकारी बाईंची मुलगी चार वर्षांची आहे. त्यांनी फी, खोली, मेस सगळे धरून वर्षाला अडीच लाख असा आकडा काढला, म्हणजे चार वर्षांचे आजच्या भावाने 10 लाख. पुढचा हिशेब त्यांचाच देते.

दुसरी पायरी: आकडा पुढे न्या

मुलगी कॉलेजला जायला 14 वर्षे आहेत. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला तर 10 लाखांचे सुमारे 22 लाख 60 हजार होतात, 8 टक्क्यांनी 29 लाख 40 हजार आणि 10 टक्क्यांनी 38 लाख. तोंडी करायचे असेल तर 72 ला वाढीच्या दराने भागा. 8 टक्क्यांनी खर्च नऊ वर्षांत दुप्पट होतो. मी सगळ्यांना 8 धरायला सांगते. कमी धरले तर शेवटी धावपळ होते, जास्त धरले तर आकडा पाहूनच माणूस वही मिटून ठेवतो.

29 लाख 40 हजार जमवायला, पैशावर सरासरी 10 टक्के मिळाले असे धरले तर दरमहा सुमारे 8,000 लागतात, आणि 8 टक्के धरले तर साडेनऊ हजार. चार वर्षांचे मूल, घराचा हप्ता आणि आई-वडिलांची औषधे सांभाळणाऱ्या घराला हे जड आहे. पण पगार वाढतो तसा हप्ताही दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवायचे ठरवले, तर 10 टक्के परताव्याच्या त्याच गृहीतावर सुरुवात 4,700 रुपयांनी करता येते. चौदाव्या वर्षी हा हप्ता सोळा हजारांवर गेलेला असेल, पण तोवर पगारही आजचा राहिलेला नसेल. आमच्यासारख्या सरकारी नोकरांना 1 जुलैला वेतनवाढ मिळते, म्हणून बाईंनी हप्ता वाढवायची तारीखही जुलैचीच ठेवली आहे. वाढीव पगाराची सवय लागायच्या आत तो बाजूला पडला पाहिजे.

तिसरी पायरी: बचतीच्या आधी दोन गोष्टी

आई किंवा वडील अर्ध्यात गेले तर ही सगळी गणिते कोसळतात. म्हणून कमावत्या माणसाचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) आधी घ्या, वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. ज्यांच्यावर धंद्याचे किंवा शेतीचे कर्ज आहे त्यांनी ही पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली घेता येईल का, हे फॉर्म भरतानाच विचारावे. तशी घेतली तर ते पैसे बायको-मुलांचेच राहतात, सावकार किंवा बँक त्यावर हक्क सांगू शकत नाही. हे पॉलिसी काढतानाच करायचे असते, नंतर जमत नाही.

दुसरे म्हणजे आजारपणासाठी आरोग्य विमा आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत सुटा. हे नसेल तर पहिल्याच ऑपरेशनला हात मुलाच्या शिक्षणाच्या पैशांना लागतो.

चौथी पायरी: प्रत्येक पर्याय तारखेवर घासून पाहा

*सुकन्या समृद्धी.* मुलगी असेल तर इथून सुरुवात करा. जानेवारी 2015 मध्ये ही योजना आली. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात किंवा बँकेत खाते उघडावे लागते. वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, पैसे 15 वर्षे भरायचे आणि खात्याची मुदत उघडल्यापासून 21 वर्षांनी संपते. जानेवारी 2024 मध्ये दर 8.2 टक्के झाला. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करते, त्यामुळे तो कायमचा धरू नका. व्याजावर आणि शेवटच्या रकमेवर कर नाही.

आता तारीख पाहा. मुदत 21 वर्षांची आहे, मुलीच्या वयाची नाही. चौथ्या वर्षी उघडलेले खाते ती 25 वर्षांची झाल्यावर पूर्ण होते. कॉलेजसाठी मधे पैसे काढता येतात, पण ती 18 ची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, आणि मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी जी शिल्लक असेल तिच्या जास्तीत जास्त निम्मे. तेही प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती दाखवून, जेवढी फी तेवढेच. एकदम घ्या किंवा वर्षाला एक असे पाच वर्षांपर्यंत हप्त्यांनी. दरमहा 5,000 भरले आणि दर 8.2 च राहिला तर 14 वर्षांनी सुमारे 15 लाख 40 हजार होतात, पण फीसाठी हातात येतील ते साडेसात लाखांच्या आसपास. पोस्टातल्या तक्त्यावर दिसणारी मोठी रक्कम पदवीच्या चार वर्षांसाठी धरणारे पालक इथे फसतात. उरलेले निम्मे वाया जात नाहीत, एम.टेक., एमबीए किंवा परदेशासाठी ते उत्तम आहेत. म्हणूनच मूल तान्हे असतानाच खाते उघडलेले बरे, मुदत एकविशी-बाविशीत संपते.

छोटी गोष्ट, पण महत्त्वाची: व्याज महिन्याच्या 5 तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. म्हणून पैसे 5 तारखेच्या आत भरा. पीपीएफलाही हेच लागू आहे.

*पीपीएफ.* मुलगा असेल तर सुरक्षित भागासाठी हाच आधार. एप्रिल 2020 पासून दर 7.1 टक्के आहे, करमुक्त. खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यावर पुढची 15 वर्षे मोजतात. जून 2026 मध्ये उघडलेले खाते 1 एप्रिल 2042 ला पूर्ण होईल. 2024 मध्ये जन्मलेले मूल त्याच उन्हाळ्यात बारावी झालेले असेल. इतकी जुळणारी तारीख दुसऱ्या कुठल्या योजनेत सहज मिळत नाही, पण ती मूल दोन-अडीच वर्षांचे असतानाच जुळते. मूल आठ-नऊ वर्षांचे असेल तर नवे खाते उघडण्यापेक्षा स्वतःचे जुने वापरा. 15 वर्षे झालेले खाते पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पैसे भरत राहून वाढवले तर त्या पाच वर्षांत सुरुवातीच्या शिलकीच्या 60 टक्क्यांपर्यंत काढता येतात, वर्षातून एकदा. मुलाच्या नावाने वेगळे खाते काढून दुप्पट भरता येईल असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही, पालक आणि अज्ञान मूल मिळून मर्यादा दीड लाखच.

जुन्या करपद्धतीत असाल तर या दोन्हींत भरलेल्या पैशांवर प्राप्तिकरात वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही, पण व्याज तिथेही करमुक्तच आहे. वजावट गेली म्हणून खाते बंद करायचे कारण नाही.

*म्युच्युअल फंडाची एसआयपी.* म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम फंडात टाकणे. दहा-बारा वर्षे हातात असतील तर वाढत्या फीला गाठू शकेल असा पर्याय माझ्या मते हाच आहे, आणि सर्वांत जास्त पालक घाबरतात तेही इथेच. भीती खोटी नाही. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42 हजारांच्या आसपास होता आणि 23 मार्चला 25,981 वर बंद झाला. ज्या घरात त्या जूनमध्ये फी भरायची होती आणि सगळे पैसे इक्विटीत (शेअरमध्ये) होते, त्या घराने ते तीन महिने कसे काढले असतील? ज्यांचे मूल तेव्हा तिसरीत होते त्यांनी मात्र त्याच घसरणीत स्वस्तात युनिट घेतली.

कोणता फंड? निफ्टीचा साधा इंडेक्स फंड (निफ्टीतल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा) पुरे. ‘चिल्ड्रन्स फंड’ नावाच्या वेगळ्या योजना असत, त्यांत पैसे पाच वर्षे किंवा मूल सज्ञान होईपर्यंत, जे आधी असेल तोवर, अडकत. नाव मुलांचे असले तरी आतली गुंतवणूक इतर फंडांसारखीच असे. ज्यांना मधेच पैसे काढायचा मोह होतो त्यांना हे कुलूप उपयोगी पडे, बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

डायरेक्ट की रेग्युलर, हा प्रश्न बाईंनी मला विचारला होता. डायरेक्टमध्ये एजंटचे कमिशन नसते. त्यामुळे परताव्यात 1 टक्क्याचा फरक पडला असे धरा. 8,000 ची एसआयपी 14 वर्षांत 10 टक्क्यांनी 29 लाख 30 हजार होते आणि 9 टक्क्यांनी 27 लाखांना थोडी कमी. फरक 2 लाख 40 हजारांचा. तरीही बाजार कोसळल्यावर ‘एसआयपी बंद करू नका’ असे फोन करून सांगणारा चांगला माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याचे कमिशन मला जास्त वाटत नाही. घाबरून मार्च 2020 मध्ये बाहेर पडलेल्यांचे नुकसान याहून कितीतरी मोठे होते.

इक्विटी फंड वर्षभरानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्याहून जास्त नफ्यावर 12.5 टक्के.

*मुदत ठेव, आरडी, एनएससी.* चौदा वर्षांसाठी मी यांचा विचार करणार नाही, कारण ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो आणि फीची वाढ गाठली जात नाही. पण शेवटच्या तीन-चार वर्षांसाठी मुदत ठेव आणि आरडीहून चांगले काही नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

*पतसंस्था आणि भिशी.* इथे मला मनापासून सावध करायचे आहे. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, आणि अनेक चांगल्या चालतात, अडीनडीला धावून येतात. माझ्या मुलीची पहिली फी तशाच कर्जातून गेली. पण कर्ज घेणे वेगळे आणि मुलाच्या शिक्षणाची सगळी पुंजी ठेव म्हणून ठेवणे वेगळे. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँकेतल्याही, एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन टक्के जास्त व्याज मिळते म्हणून फीचे पैसे तिथे ठेवू नका. भिशीचेही तेच, ती ओळखीवर चालते आणि ओळखीतच बुडते.

*सोने.* माझ्या सासूबाई दर दसऱ्याला एक वेढणी घ्यायच्या, आणि त्यांच्या काळात ते शहाणपणाचेच होते. आज फीसाठी घ्यायचे तर दागिना नको. घेताना घडणावळ आणि जीएसटी, मोडताना घट. गोल्ड ईटीएफ (शेअरसारखे विकता येणारे कागदी सोने) घ्या, तोही एकूण बचतीच्या दहा टक्क्यांपर्यंत. आणि मुलीच्या लग्नाचे सोने व शिक्षणाचे सोने एकाच डब्यात ठेवू नका, त्या डब्यातून शिक्षणासाठी काढायला घरात कुणाचा हात धजत नाही.

*‘वेळ आली की दोन गुंठे विकू.’* सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आजच पाहा. भावाची सही, बहिणीची सही, मोजणी, गिऱ्हाईक. प्रवेशाच्या चार दिवसांत यातले एकही होत नाही.

*मुलांच्या विमा पॉलिसी.* माझा अनुभव सुरुवातीला सांगितलाच. यांत एक गोष्ट खरोखर चांगली असते. पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ होतात आणि मुलाला ठरल्या वेळी पैसे मिळतात. पण तेच काम स्वस्त टर्म विमा आणि वेगळी बचत मिळून जास्त चांगले करतात. पॉलिसी नुकतीच घेतली असेल तर मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. चार-पाच वर्षे भरून झाली असतील तर चिडून लगेच सरेंडर करू नका. आज सरेंडर केल्यास किती मिळेल आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती मिळेल, हे दोन्ही आकडे लेखी मागा आणि मगच ठरवा.

*एनपीएस वात्सल्य.* मुलांच्या नावाची ही पेन्शन योजना 18 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली. शिक्षणासाठी मधे पैसे काढायचे तर भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंतच काढता येतात. मुलाच्या म्हातारपणाची तरतूद म्हणून चांगली असेल, कॉलेजसाठी नाही.

पाचवी पायरी: मिश्रण ठरवा

बाईंनी काय केले ते सांगते. सुकन्यात दरमहा 2,000 आणि निफ्टी इंडेक्स फंडात 3,500. फंडाचा हप्ता दर जुलैला 10 टक्क्यांनी वाढवायचा, सुकन्याचा तोच ठेवायचा. सुकन्यात 14 वर्षांनी साधारण 6 लाख होतील, त्यांतले 3 लाख फीला मिळतील. फंडात 10 टक्के मिळाले तर 22 लाख, आठच मिळाले तर 19 लाख. म्हणजे 29 लाखांच्या गरजेपुढे 22 ते 25 लाख. उरलेल्या चार ते सात लाखांसाठी शिष्यवृत्ती किंवा कर्ज. हे उरलेले त्यांनी मुद्दाम मोकळे ठेवले आहे. त्यासाठी स्वतःच्या निवृत्तीचे पैसे कमी करायचे नाहीत असे त्यांनी ठरवले आणि मला ते पटले.

मूल नऊ-दहा वर्षांचे असेल तर इक्विटीचा भाग निम्म्यावर आणा. मूल नववीत असेल आणि आज सुरुवात करत असाल तर इक्विटीच्या वाटेला जाऊच नका. आरडी करा आणि पुढे कर्ज-शिष्यवृत्तीचा भाग लक्ष देऊन वाचा. उशीर झाला म्हणून जास्त परताव्याच्या मागे लागणे, हे मी पाहिलेल्या चुकांतले सर्वांत महागडे पाऊल आहे.

सहावी पायरी: नववीपासून पैसे खाली उतरवा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळ्यांत जास्त नुकसान हीच गाळल्याने होते. मूल नववीत गेले की फंडातले पैसे टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला लागा. पहिल्या वर्षाच्या फीचे आधी, दुसऱ्याचे नंतर. आर्थिक वर्षे वेगळी पडली की सव्वा लाखाची करसवलतही प्रत्येक वर्षी वेगळी मिळते.

काढलेल्या पैशांच्या चार ठेवी करा, प्रत्येकीची मुदत त्या-त्या वर्षाच्या जूनमध्ये संपेल अशी. मुलगी दुसऱ्या वर्षाला जाईल त्या जूनमध्ये दुसरी ठेव मोकळी होईल. पहिल्या वर्षाचे पैसे मात्र एप्रिलपर्यंतच बचत खात्यात आणून ठेवा, कारण सीईटीचा निकाल आणि कॅपचे वेळापत्रक कधी पुढे-मागे होईल सांगता येत नाही. आमच्या वेळी ते ऑक्टोबरवर गेले. बाजार चढत असताना हे करणे जिवावर येते, ‘अजून सहा महिने थांबू’ असे वाटते. तो मोह इथे आवरा.

सातवी पायरी: फी कमी होते का ते पाहा, मगच कर्ज

राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयाने, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी शिकवणी फी मिळते. हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. टीएफडब्ल्यूएसच्या (शिकवणी फी माफी योजनेच्या) जागांवर शिकवणी फी नसते, तिथेही उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. मात्र यांतले जवळजवळ सगळे कॅपमधून आलेल्यांसाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही दारे बंद होतात. पालक थोड्या मोठ्या नावासाठी मॅनेजमेंटची जागा घेतात, तेव्हा फरक नुसत्या फीचा नसतो, गेलेल्या शिष्यवृत्तीचाही असतो.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर हे दाखले बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेरची रांग पाहिली आहे ना? आणि मुलाचे बँक खाते आधारला जोडलेले आहे, एवढ्यावर थांबू नका, शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी ते सीड झाले आहे का, म्हणजे आधारवरून येणारे सरकारी पैसे याच खात्यात पडतील अशी नोंद आहे का, हे बँकेत विचारून घ्या. शिष्यवृत्तीचा पैसा बऱ्याचदा उशिरा येतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या बचतीतून ती रक्कम वजा करू नका.

मग कर्ज. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेमुळे तारण न देता शैक्षणिक कर्ज मिळू शकते, आणि 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात 3 टक्के व्याज सवलत आहे. हप्ते साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. 6 लाखांवर 10 टक्क्यांनी महिन्याला 5,000. चालू एसआयपी थांबवल्यावर सुटलेल्या हप्त्यातून हे व्याज शिकत असतानाच भरत राहा, मुलाच्या पहिल्या पगारावर त्याचा बोजा जाणार नाही.

परदेशाचा विचार असेल तर पदवी इथे आणि पुढचे तिकडे, असे मी सुचवते. जर्मनीत फी कमी असली तरी सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. रुपयाची घसरण यात वेगळी मोजा. सुकन्यातले उरलेले निम्मे इथेच कामाला येतात.

आठवी पायरी: अठरावा वाढदिवस

फंड मुलाच्या नावावर घ्यायचा की स्वतःच्या? मुलाच्या नावावरचे पैसे घरात कुणी सहज मोडत नाही, हा मोठा फायदा आहे. 18 पूर्ण झाल्यावर विकले तर नफा मुलाच्या उत्पन्नात धरतात आणि कराचा भार हलका होतो. त्याआधी विकले तर तो आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात.

पण मूल 18 चे झाले की त्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) व्यवहार थांबतात. मुलाचे पॅन, केवायसी, त्याच्या एकट्याच्या नावाचे बँक खाते आणि अज्ञानाचा सज्ञान झाल्याचा फॉर्म, एवढे दिल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मुलाचा जन्म जून ते ऑगस्टमधला असेल तर हे सगळे नेमके प्रवेशाच्या धांदलीत येते. अशा वेळी फंड स्वतःच्याच नावावर घ्या. बाईंची मुलगी 11 जुलैची आहे. त्यांनी फंड स्वतःच्या नावावर घेतला, नॉमिनी मुलीला केले, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: नववी सुरू, पहिली रक्कम काढणे.